विश्लेषण : चौकाखालची गुहा, भिंतीवरचे संत… रॉयस्टनचे गूढ २८० वर्षांनंतरही का उकलत नाही?

लंडनहून केम्ब्रिजकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर रॉयस्टन नावाचे छोटे बाजारगाव लागते. गावातल्या जुन्या चौकात, दुकानांसमोरच्या फरसबंदीत एक लोखंडी जाळी बसवलेली आहे. गटाराचे झाकण समजून लोक तिच्यावरून पुढे निघून जातात. प्रत्यक्षात तो एका गुहेचा झरोका आहे. जाळीखाली माणसाच्या हातांनी खोदलेली, घंटेच्या आकाराची, अडीच मजली इमारत मावेल एवढी उंच पोकळी आहे. तिच्या भिंतींवर संत, राजे, तलवारी, क्रूस आणि हृदये कोरलेली आहेत. ही गुहा कोणी खोदली, कधी खोदली आणि कशासाठी, या तिन्ही प्रश्नांना आजही पक्के उत्तर नाही. १७४२ मध्ये गुहा सापडली तेव्हा उत्तराचा बराचसा भाग आत शाबूत होता. तो गाड्या भरभरून बाहेर काढला गेला आणि निरुपयोगी म्हणून फेकून दिला गेला.

रॉयस्टन नेमके कोठे आहे?

रॉयस्टन इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात आहे. दोन प्राचीन रस्ते येथे एकमेकांना छेदतात. एक अर्मिन स्ट्रीट, म्हणजे लंडनहून उत्तरेला यॉर्ककडे जाणारा रोमनांचा राजरस्ता. दुसरा इकनील्ड वे. तो रोमनांच्याही आधीचा मानला जातो. गुहा आहे ती याच छेदापाशी, जवळजवळ बरोबर चौकाखाली. गूढकथा रचणाऱ्यांना यापेक्षा सोयीची जागा मिळाली नसती, हे आधीच मान्य करायला हवे.

गावाचा इतिहासही जरा विचित्र आहे. बाराव्या शतकात येथे ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचा मठ उभा राहिला, मठाबरोबर बाजार आला आणि बाजाराभोवती वस्ती वाढली. चौकात एक क्रूस होता. त्याला रोइसिया नावाच्या सरदारघराण्यातील स्त्रीचे नाव जोडले जाते आणि गावाचे नावही त्याच क्रूसावरून पडले, असे सांगतात. पण गाव असे रस्त्यांच्या फाट्यावर वाढल्यामुळे ते एका धर्मग्रामाचे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले) राहिले नाही, तर पाच वेगवेगळ्या धर्मग्रामांत वाटले गेले. रॉयस्टनला स्वतःचे धर्मग्राम मिळाले ते १५४० मध्ये. तोवर मठ बरखास्त झाला होता. गजबजलेला बाजार आहे, वाटसरूंची वर्दळ आहे, पण गावाचे स्वतःचे चर्च नाही, अशी कित्येक पिढ्यांची स्थिती होती. हा तपशील कोरडा वाटेल, पण पुढे उपयोगी पडणार आहे.

गुहा सापडली कशी?

साल १७४२, महिना ऑगस्ट. बाजारात लोणी आणि चीज विकायला येणाऱ्या बायकांना बसण्यासाठी बाक हवा होता. बाकाचा खांब रोवायला मजुरांनी खड्डा घेतला, तर खाली जात्याच्या तळीसारखा एक मोठा दगड लागला. मध्ये भोक असलेला. दगड बाजूला केला तेव्हा खाली उभा, अरुंद बोगदा दिसला. त्याच्या भिंतीत पाय टेकवायला खोबणी होत्या. आधी एका मुलाला खाली सोडले, मग मेणबत्ती घेऊन एका सडपातळ माणसाला. त्यांनी वर येऊन सांगितले की खाली मोठी पोकळी आहे आणि ती निम्म्याहून अधिक मातीने भरलेली आहे.

यानंतर काय झाले असेल, हे आपल्याकडच्या कोणत्याही गावकऱ्याला सांगायची गरज नाही. गुप्तधनाची आवई उठली. एवढी माती उगाच कोण भरेल, तोंडावर दगड उगाच कोण ठेवेल? तळाशी काहीतरी पुरलेलेच असणार! माती उपसायला सुरुवात झाली. गाड्यांमागून गाड्या माती निघाली, तळाचा दगड लागेपर्यंत निघत राहिली. हाती काय आले? एक कवटी, काही जुनी हाडे, मातीच्या भांड्याचे तुकडे आणि पितळेचा एक कोरा तुकडा. सोने नाही, नाणी नाहीत. लोक हिरमुसले. मातीत काही नव्हते, म्हणून ती टाकून दिली. हाडे आणि खापऱ्याही काळाच्या ओघात नाहीशा झाल्या.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने खजिना होता तो त्या मातीतच.

आत गेल्यावर काय दिसते?

आज गुहेत उतरायला १७४२ चे ते भोक वापरावे लागत नाही. १७९० मध्ये थॉमस वॉटसन नावाच्या एका गवंडी ठेकेदाराने कडक हिवाळ्यात आपल्या माणसांना काम मिळावे म्हणून बाजूने एक तिरका रस्ता खोदून घेतला. मग पाहायला येणाऱ्यांकडून तो सहा पेन्स घेऊ लागला. रोजगार हमी आणि पर्यटन यांचा हा मेळ त्या काळी चांगलाच चालला असावा. पाहुणे आजही त्याच वाटेने आत जातात. मेलबर्न स्ट्रीटवरच्या एका साध्या दारातून वाट सुरू होते आणि २० मीटरहून थोडी अधिक लांब आहे. ती उतरती आणि अरुंद आहे, उंच माणसाला मान खाली घालावी लागते. बाहेर ऊन असले तरी आतली हवा गार आणि दमट असते.

भुयार संपते आणि एकदम मोकळी, गोल जागा येते. व्यास सुमारे पाच मीटर, उंची सुमारे आठ मीटर. वर जाताना भिंती आत झुकत निमुळत्या होतात आणि शेंड्याला तो झरोका. आकार समजून घ्यायला आपल्याकडे उत्तम उपमा आहे, ती म्हणजे पेव. अरुंद तोंड, खाली फुगलेले पोट आणि तोंडावर दगड. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी तीच रचना कितीतरी मोठी झाल्याची कल्पना करावी. या आकाराचा फायदा असा की छत सपाट नसल्यामुळे वरचे वजन भिंतींवरून खाली उतरते. खडूसारख्या मऊ दगडातली ही पोकळी शतकानुशतके कोसळली नाही, त्यात या आकाराचा मोठा वाटा आहे.

आणि दगड खरोखरच खडू आहे. फळ्यावर लिहायचा खडू मूळचा ज्या दगडाचा, तोच हा पांढरा, मऊ दगड. नखाने ओरखडा उठतो. कार्ले किंवा अजिंठ्याचा काळा कातळ फोडायला छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्या खपल्या. इथे साध्या चाकूनेही आकृती कोरता येते. म्हणूनच भिंतीच्या खालच्या भागात सगळीकडे आकृत्याच आकृत्या आहेत. मांडणी गर्दीची, हात अडाणी. शरीराच्या प्रमाणाचा पत्ता नाही, काही चेहरे तर लहान मुलाने काढावेत तसे. मंदिराच्या शिल्पपट्टाची अपेक्षा ठेवून गेलेल्याची निराशा होईल. पण थोडा वेळ थांबून पाहिले की एकेक आकृती ओळखू येऊ लागते.

सर्वात आधी डोळ्यांत भरतो संत ख्रिस्तोफर. हाती काठी आणि खांद्यावर बाळ येशू. नदी ओलांडून बाळाला पलीकडे नेणारा हा धिप्पाड माणूस पाहून मराठी माणसाला यमुनेच्या पुरातून कृष्णाला नेणारा वसुदेव आठवल्याशिवाय राहणार नाही. युरोपात ख्रिस्तोफर हा वाटसरूंचा रक्षणकर्ता. दोन महामार्गांच्या चौकाखाली त्याची आकृती असणे अगदी स्वाभाविक आहे. जवळच संत कॅथरीन आहे, चाकासह. तिला चाकावर घालून मारण्याची शिक्षा झाली होती, अशी कथा आहे. दिवाळीतल्या आपल्या भुईचक्रासारख्या फिरत्या फटाक्याला इंग्रजीत ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात, ते याच बाईच्या नावावरून. तिसरा संत लॉरेन्स. त्याला लोखंडी जाळीवर भाजून मारले, म्हणून त्याच्या हातात ती जाळी. मध्ययुगातल्या अक्षरशत्रू माणसालाही हे संत ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाला अशी खूण दिलेली असे. गणपतीला उंदीर, शंकराला नंदी, तसेच ते.

याशिवाय येशूला क्रूसावर चढवल्याचे दृश्य आहे. तलवार उपसलेली एक आकृती आहे. मुकुट घातलेल्या आकृत्या आहेत, त्या कोणत्या राजा-राणीच्या हे दर लेखकागणिक बदलते. हातात हृदय धरलेली माणसे आहेत. आणि या सगळ्या धार्मिक गर्दीत एक उघडीवाघडी स्त्रीआकृतीही दिसते. तिच्यावरून कोणी गुहा ख्रिस्तपूर्व धर्माची असल्याचा निष्कर्ष काढतात. तो घाईचा वाटतो. अशा आकृत्यांना तिकडे ‘शीला-ना-गिग’ म्हणतात आणि त्या आयर्लंड व ब्रिटनमधील बाराव्या शतकातल्या चर्चच्या भिंतींवरही सर्रास आढळतात. आपल्याकडे तेर, भोकरदन या ठिकाणी सापडलेल्या लज्जागौरीशी त्यांचे साम्य पाहण्यासारखे आहे. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ वाचलेल्यांना रॉयस्टनची ही आकृती तितकीशी परकी वाटणार नाही.

भिंतीवर काही ठिकाणी रंगाचे बारीक अंश शिल्लक आहेत. म्हणजे आज पांढुरकी दिसणारी ही गुहा एके काळी रंगवलेली होती. मेणबत्तीच्या उजेडात ते रंगीत संत कसे दिसत असतील, याची कल्पनाच करायची. भिंतीलगत खाली एक अष्टकोनी ओटा खोदून काढलेला आहे. बसायला, गुडघे टेकायला की फक्त पायरी म्हणून? हेही ठाऊक नाही.

मग काळ का ठरवता येत नाही?

हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका तोच बहुतेक पर्यटनी लेखांत गाळला जातो.

दगडात खोदलेल्या पोकळीला स्वतःचे वय नसते. खडूचा हा थर डायनासोरांच्या काळात समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. त्याचे वय मोजले तर उत्तर कोट्यवधी वर्षांत येईल. त्यात खड्डा रोमनांनी पाडला की पंधराव्या शतकातल्या कोणी, हे दगड सांगत नाही. कार्बन कालमापन चालते ते एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंवर. हाडे, लाकूड, कोळसा, धान्य यांवर. ही पद्धत विकसित झाली १९४० च्या दशकाच्या अखेरीस. १७४२ मधल्या लोकांना ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण त्यांनी काढलेली हाडे कोठे पेटीत घालून ठेवली असती, तर आज एका प्रयोगशाळेने निदान एवढे सांगितले असते की हा माणूस कोणत्या शतकात मेला.

मातीचे तर त्याहून जास्त. पोकळी भरत जाते तेव्हा माती थराथराने बसते. सर्वात खालचा थर सर्वात जुना. कोणत्या थरात कसली खापरी सापडली, राख होती का, मेणाचे थेंब होते का, माती हळूहळू वाहून आली की एकाच वेळी टोपल्यांनी ओतली, हे सगळे थरांतून वाचता येते. मातीतल्या परागकणांवरून तेव्हा आसपास कोणती झाडे-पिके होती हेही कळते. गुहा मुद्दाम बुजवली असेल तर ती कधी बुजवली, याचे उत्तर जवळजवळ खात्रीने त्या मातीत होते. फावड्याने ती उपसली तेव्हा हे पुस्तक पानापानाने फाडले गेले.

उरले काय? आकृत्यांची शैली. कपडे, चिलखताची घडण, मुकुटाचा आकार यांवरून अभ्यासक काळ ठरवू पाहतात. कुशल मूर्तिकाराच्या कामाला ही पद्धत चांगली लागू पडते, कारण शैली दशकागणिक बदलते आणि तो बदल त्याच्या हातात उतरतो. पण इथे हात आहे हौशी माणसाचा. चाकूने काढलेल्या वेड्यावाकड्या मुकुटावरून शतक ठरवणे धोक्याचे. इंग्लंडमधील वास्तूंचा दांडगा अभ्यास असलेले इतिहासकार निकोलस पेव्हस्नर यांनी म्हणूनच नेमके साल टाळून ही कोरीवकामे चौदाव्या ते सतराव्या शतकांदरम्यान वेगवेगळ्या वेळी, अकुशल हातांनी झाली असावीत, असा सावध अंदाज दिला.

आपल्याकडच्या लेण्यांशी तुलना केली की हा पेच अधिक स्पष्ट होतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. कोणी काय दान दिले, कोणासाठी दिले, हे ब्राह्मी लिपीत लिहून ठेवलेले आहे. लोक त्यांना ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलेली’ म्हणत राहिले, पण लेख वाचता येऊ लागल्यावर दंतकथा आणि इतिहास वेगळे करता आले. रॉयस्टनच्या भिंतीवर असा दात्याचा एकही लेख नाही. आणि १७४२ पूर्वीच्या ज्ञात कागदपत्रांत या गुहेचा थेट उल्लेखही नाही. भिंत मुकी, कागद मुका, आणि बोलू शकली असती ती माती गेली.

तर्कांचे पेव कसे फुटले?

जिथे पुरावा नसतो तिथे पंडितांना जोर चढतो. गुहा सापडली त्याच वर्षी विल्यम स्टुकली तेथे पोहोचले. स्टोनहेंजवर लिहिणारे हे त्या काळचे नामवंत पुरावस्तुतज्ज्ञ. न्यूटन आणि सफरचंदाची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली त्यात त्यांच्या लेखणीचा मोठा हात आहे. १७४३ मध्ये त्यांनी पुस्तिका छापून जाहीर केले की ही रोइसियाबाईंची खासगी प्रार्थनाखोली. पुढच्याच वर्षी चार्ल्स पार्किन या पाद्र्याने उलटा हल्ला चढवला : गुहा त्याहून जुनी, सॅक्सन काळातली. स्टुकलींनी १७४६ मध्ये प्रत्युत्तर दिले. दोघांच्याही हाती पुरावा सारखाच, म्हणजे जवळपास शून्य, पण भाषा मात्र मोठी तिखट.

शंभर वर्षांनी स्थानिक अभ्यासक जोसेफ बेल्डम यांनी काम जास्त शिस्तीने केले. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी गुहेचा एकच जन्म न मानता अनेक टप्पे मानले. मूळ खड्डा फार जुना, मग रोमन काळात दफनासाठी वापर, धर्मयुद्धांच्या सुमारास प्रार्थनास्थळ आणि कोरीवकाम, आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वेळी ती बुजवली गेली. यातला रोमन दफनाचा भाग आज फारसा पटत नाही. पण एकाच पोकळीचे वेगवेगळ्या काळात वेगवेगळे उपयोग झाले असतील, हा विचार आजही टिकून आहे.

त्यानंतर यादी वाढतच गेली. मठाच्या साधूंचे थंड कोठार. चकमकीचा दगड काढण्याची खाण. खडू काढून शेतात पसरण्यासाठी घेतलेला खड्डा. इंग्लंडच्या आग्नेय भागात खडू काढण्यासाठी पाय टेकण्याच्या खोबणींसह घेतलेल्या अशा उभ्या विहिरी बऱ्याच आहेत, त्यामुळे मूळ खोदाईपुरता हा तर्क अगदी साधा आणि म्हणून विचारात घेण्याजोगा आहे. राजा पहिला जेम्स याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रॉयस्टनला शिकारीसाठी वाडा बांधला, म्हणून ही फ्रीमेसन मंडळींची गुप्त बैठकीची जागा, असाही एक तर्क आहे. त्याला पुरावा विचारू नये.

टेम्पलर योद्ध्यांचे काय?

आज जो पर्यटक रॉयस्टनला येतो तो बहुतेक वेळा टेम्पलरांसाठी. नाइट्स टेम्पलर म्हणजे बाराव्या शतकात जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी उभा राहिलेला, साधू आणि सैनिक या दोन्ही भूमिका एकत्र करणारा पंथ. पुढे तो अफाट श्रीमंत झाला. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्यांची धरपकड केली आणि १३१२ मध्ये पोपने पंथ बरखास्त केला. रॉयस्टनपासून सुमारे १४ किलोमीटरवर असलेले बॉल्डॉक हे गाव टेम्पलरांनीच वसवले. त्याचे नाव थेट बगदादवरून आले आहे. तेथील टेम्पलर रॉयस्टनच्या बाजारात येत असत. गुहेत एक लाकडी माळा टाकलेला असावा, खाली माल साठवायचा आणि वर प्रार्थना, अशी मांडणी अभ्यासक सिल्व्हिया बीमन यांनी १९९० च्या दशकात केली. फ्रान्समधील शिनाँ किल्ल्यात कैदेत असलेल्या टेम्पलरांनी भिंतीवर काढलेल्या आकृत्यांशी रॉयस्टनचे साम्यही त्यांनी दाखवले.

गोष्ट आकर्षक आहे यात वाद नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पेव्हस्नर यांचा अंदाज बरोबर असेल तर यातली बहुतेक कोरीवकामे पंथ संपल्यानंतरची ठरतात. दुसरे असे की, एका घोड्यावर दोन स्वार हे टेम्पलरांचे चिन्ह भिंतीवर आहे, असे जिच्याकडे बोट दाखवून सांगतात, त्या आकृतीची नंतरच्या काळात दुरुस्ती झालेली आहे. मूळ रेषा काय होत्या हे आता तपासता येत नाही. आणि अडाणी हाताने भिंतीवर कोरलेला क्रूस कोणत्याही कैद्याचा, कोणत्याही भाविकाचा सारखाच दिसतो. साम्य म्हणजे नाते नव्हे.

प्रस्तुत लेखकाला सर्वात जवळचा वाटतो तो तुलनेने कमी रोमांचक तर्क. चौकातल्या क्रूसाखाली एखादा एकांतवासी साधू राहत असावा आणि येणारे-जाणारे तेथे माथा टेकून पुढे जात असावेत. वाटसरूंचा ख्रिस्तोफर त्यात बसतो. गावाला स्वतःचे चर्च नसणे बसते. अनेक अकुशल हातांनी, वेगवेगळ्या वेळी कोरलेल्या आकृत्याही बसतात, कारण त्या नवस बोलणाऱ्यांनी कोरल्या असतील. शिवाय शेजारच्या बॅसिंगबर्न गावच्या चर्चच्या सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हिशेबवहीत रॉयस्टनच्या एका साधूकडून २० पेन्स मिळाल्याची नोंद आहे. तो साधू गुहेतच राहत होता असे नोंद म्हणत नाही. पण तो रॉयस्टनला होता. पुढे धर्मसुधारणेत मठ गेले, संतांच्या प्रतिमा फोडल्या गेल्या. १५३७ मध्ये रॉयस्टनचा मठही बंद झाला. त्या धामधुमीत कोणीतरी प्रतिमा फोडण्याऐवजी गुहाच मातीने भरून वर दगड ठेवला असेल, तर दोन शतकांत तिचा विसर पडणे शक्य आहे. हेही सिद्ध करता येत नाही, आणि कारण पुन्हा तेच, माती.

आता धोका कशाचा?

मऊ दगडाचा जो गुण कोरणाऱ्यांच्या सोयीचा होता, तोच आता जिवावर उठला आहे. खडू पाणी शोषतो. वरचा रस्ता, जुने नळ, पावसाचे झिरपणारे पाणी यांमुळे भिंत ओलावते, वाळते, पुन्हा ओलावते आणि तिचा पापुद्रा सुटतो. ओलसर भागात किडे आणि गांडुळे शिरून दगड पोखरतात. चौकातल्या वाहनांचे हादरे खालपर्यंत जातात. एकेका पापुद्र्याबरोबर संताचे नाक, चाकाची कड, रंगाचा शेवटचा कण गळून पडतो. ब्रिटिश सरकारने गुहेला संरक्षित स्मारकाचा आणि सर्वोच्च श्रेणीच्या वास्तूचा दर्जा दिला आहे. तरीही रस्त्याखालच्या वस्तूचे रक्षण करायचे म्हणजे रस्ता, नळ आणि वाहतूक या सगळ्यांशी झगडा आला.

पाहुण्यांचाही हातभार लागला आहे. १७९० नंतर सहा पेन्स भरून आलेल्या अनेकांनी आपली नावे भिंतीवर कोरली. आपण नाके मुरडायचे कारण नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आणि १८१९ साल आजही दिसते, आणि त्यानंतर तेथे नावे कोरणारे सगळे इंग्रज नव्हते. अभ्यासकांच्या दृष्टीने यात आणखी एक त्रास आहे. खडूतला दोनशे वर्षांपूर्वीचा आणि सहाशे वर्षांपूर्वीचा ओरखडा आज जवळपास सारखाच दिसतो.

टेम्पलरांची कथा कितीही ठिसूळ असली तरी तिकिटे तिच्यामुळे खपतात आणि तिकिटांचा पैसा भिंत वाचवायला लागतो, ही त्यातली गंमत. त्यामुळे गुहेतले मार्गदर्शक टेम्पलरांचा उल्लेख टाळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

गुप्तधनाच्या हव्यासाचा प्रश्न मात्र इंग्लंडपुरता नाही. आपल्याकडे किल्ले, पडकी मंदिरे, जुने वाडे येथे रात्री खोदाई करणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या येत असतात. कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १८७८ चा तो कायदा आजही लागू आहे. पण कायदा धनाबद्दल बोलतो. धन न सापडल्यावर बाजूला फेकलेल्या मातीचा, खापऱ्यांचा, राखेचा पंचनामा सहसा होत नाही.

पाहायला जायचे असेल तर?

रॉयस्टन लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून केम्ब्रिजच्या गाडीने साधारण पाऊण तासाच्या अंतरावर आहे. स्थानकापासून चौकापर्यंत चालत जाता येते. गुहा वर्षभर उघडी नसते. उन्हाळ्याच्या मोसमात, मुख्यतः शनिवार-रविवारी, मार्गदर्शकासह लहान गटांना आत सोडतात. वेळा बदलतात, म्हणून आधी चौकशी करून नाव नोंदवणे बरे. चाकाच्या खुर्चीला वाट नाही, आणि गुडघे दुखत असतील तर उतार सांभाळून उतरावा. भिंतीला हात लावू नये, पाठही टेकू नये. खडू कपड्याला लागतो, म्हणजे तो भिंतीवरून गेलेला असतो.

आत जाणे जमले नाही, तर चौकातली ती जाळी कधीही पाहता येते. तिच्याजवळच, रस्त्याच्या कडेला, जुन्या क्रूसाच्या पायथ्याचा मानला जाणारा मोठा दगड ठेवलेला आहे. क्रूस केव्हाच गेला. दगडाच्या डोक्यावर चौकोनी खळगा आहे, क्रूसाचा खांब बसवायचा. पाऊस पडून गेला की त्यात पाणी साचते.